दिगूमामांचा डाळिंबी

“वैजू, ह्येचं मागचं कुठं हाय?”

मगदूम अण्णांनी नवा मॉनिटर तिसऱ्यांदा फिरवून बघितला. मग खोक्यात हात घातला, थर्माकोलचे तुकडे बाहेर काढले, खोकं उलटं करून झटकलं. त्यातून प्लास्टिकची एक पिशवी तेवढी खाली पडली.

“अण्णा, ह्याला मागचं नसतंच. एवढाच असतो तो.”

“एवढाच? मग चित्र कुठनं येतंय?”

“पुढूनच येतं हो.”

अण्णांचा विश्वास बसला नाही. उंबऱ्याबाहेर उभे असलेले आमचे छपाईवाले दिगूमामा पोट धरून हसत होते. “असू द्या अण्णा, मागचं उद्याच्या पार्सलनं यील,” ते म्हणाले.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. इचलकरंजीत मगदूम अण्णांची मंगलनिधी प्रिंटर्स नावाची लहानशी प्रेस होती. लग्नपत्रिका, साड्यांच्या खोक्यांवरची लेबलं, दूध संस्थांची लेटरहेडं अशी कामं चालत. बाहेरच्या लांब खोलीत छपाई आणि आत, काचेच्या दाराआड, माझी कॉम्प्युटरची खोली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायची. सगळ्या प्रेसमध्ये मला एकटीलाच पंखा होता, त्यामुळे थोडी शिष्ट झाले होते हे कबूल करते.

माझा जुना मॉनिटर म्हणजे हत्तीच. हे नाव दिगूमामांनी ठेवलेलं. त्याची पाठ इतकी लांब होती की तो फक्त कोपऱ्यातच मावायचा, पाठ कोपऱ्यात आणि तोंड तिरकं, थेट दाराकडे. त्याच्या डोक्यावर बाहुबलींचा फोटो, अण्णांच्या चष्म्याचं घर आणि दुपारी बारानंतर माझा डबा ठेवलेला असायचा, कारण हत्तीचं डोकं कायम गरम असायचं आणि भाकरी ऊन राहायची. पण चार वर्षांत तो थकला. त्याच्यावरची अक्षरं थरथरायला लागली आणि संध्याकाळपर्यंत माझं कपाळ ठणकायला लागलं. सहा महिने मी अण्णांच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे हा सपाट मॉनिटर आला.

“आता देवाला बसवायचं कुठं?” अण्णांनी पुढची शंका काढली. बाहुबलींचा फोटो त्यांनी नव्या मॉनिटरच्या कडेवर उभा करून बघितला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. शेवटी मी तो भिंतीतल्या फळीवर ठेवला आणि अण्णांनी हात जोडून देवाची माफी मागितली.

हत्तीला हलवणं हा वेगळाच सोहळा झाला. मी आणि अण्णांनी त्याला उचललं, धापा टाकत दारापर्यंत नेलं आणि उंबऱ्यावर टेकवलं. तिथून दिगूमामांनी त्याला छातीशी धरून एकट्याने उचललं आणि बाहेरच्या फडताळात नेऊन ठेवलं. मामा साठीला आले होते, तरी त्यांना दम लागला नाही. मामांनी आत येऊन आम्हाला हातभार लावला असता तर काम दोन मिनिटांत झालं असतं, पण ते तिघांपैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

कारण मामा आत येत नसत. कॉम्प्युटर आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांचा शाईचा हात कीबोर्डवर पडला होता आणि चार कळा कायमच्या चिकटल्या होत्या. तेव्हा अण्णांनी नियम केला. चपला बाहेर काढायच्या आणि शाईच्या हातांनी आत यायचं नाही. दाराच्या वरच्या चौकटीवर तशी पाटीही होती. मामांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतल्याचं दिसलं नाही. ते उंबऱ्याशी येत, चौकटीला कोपर टेकत आणि तिथूनच म्हणत, “दाव पोरी, काय रंग हाय.”

आणि ही मामांची खासियत होती. आमच्याकडे छपाई जाळीच्या चौकटीतून, एकेका रंगाची होत असे आणि तो रंग मामा स्वतः घोटत. त्यांचे वडील सूत रंगवणारे, त्यामुळे रंग त्यांच्या घरातच होता. पूर्वी गिऱ्हाइकं साडीचा पदर घेऊन यायची आणि “असा रंग पाहिजे” म्हणायची. कॉम्प्युटर आल्यापासून रंग मी पडद्यावर दाखवायची, गिऱ्हाईक माझ्याशेजारी बसून पसंत करायचं आणि मामा उंबऱ्यावरून एकदा डोळे बारीक करून बघायचे. मग काचेच्या तुकड्यावर तीन-चार डब्यांतली शाई घेऊन घोटत बसायचे. मापं नाहीत, तक्ता नाही. बोटाने कागदावर एक फराटा ओढायचे की झालं. रंग तंतोतंत जुळायचा. चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

“तुझ्या लग्नाच्या पत्रिकेला असा डाळिंबी रंग घालतो,” ते मला म्हणायचे, “की पाव्हणं लग्नाला यायचं इसरून पत्रिकाच बघत बसतील.”

“मग जेवणाची किती बचत होईल!” मी म्हणायची.

नवा मॉनिटर आल्यावर खोलीत एकदम ऐसपैस जागा झाली. मी लगेच टेबल कोपऱ्यातून काढून बाजूच्या भिंतीला सरळ लावलं आणि मोकळ्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या टाकल्या. खिडकीला पडदा शिवला. कपाळ ठणकायचं थांबलं. मी इतकी खूश होते की रोज सकाळी ओढणीने मॉनिटर पुसत होते.

तिसऱ्या दिवशी दूध संस्थेचं लेटरहेड छापून आलं. गर्द हिरवं पाहिजे होतं, ते पोपटी झालं होतं.

“मामा, हे काय?”

“तू दावलास तसाच घातलाय की.”

“मी गर्द दाखवला होता.”

मामांनी कागद उजेडात धरला, पुन्हा उंबऱ्याशी येऊन पडद्याकडे बघितलं आणि गोंधळून म्हणाले, “मला तर पोपटीच दिसतोय.” मी हसले. मला वाटलं चेष्टा करतायत.

पुढच्या आठवड्यात शिरगुप्प्यांच्या घरची पत्रिका आली. कुंकवाचा लाल हवा होता, तो छापून गाजरी आला. शिरगुप्पे काका खुर्चीत बसून दहा मिनिटं नुसते पत्रिकेकडे बघत राहिले. “आमची मुलगी लग्न करतीया,” ते शेवटी म्हणाले, “गाजराचा हलवा न्हाई.” सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. मामांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

त्यानंतर मामा बदलले. कोणी बघत नाही असं वाटलं की ते एक डोळा झाकून कॅलेंडरकडे बघायचे, मग दुसरा झाकून. डब्यात कच्ची गाजरं आणायला लागले. कुणी सांगितलं म्हणून डोळ्यांत गुलाबपाणी घालायला लागले, तेव्हा अर्धा तास त्यांचे गाल ओले असायचे आणि सगळी प्रेस सुवासिक व्हायची. मला गंमत वाटत होती. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

अण्णांनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे.

“डाक्टर कालचं पोरगं हाय,” मामा परत आल्यावर म्हणाले. “त्याला काय कळतंय? अक्षरं वाचून दाव म्हणाला. अक्षरं मी वाचतोय की. मला रंग दिसंनात.”

आणि मी, तेवीस वर्षांची शहाणी, त्यांना म्हणाले, “मामा, वय झालं की व्हायचंच असं. माझ्या आजोबांनाही शेवटी सगळं फिक्कंच दिसायचं.”

मी प्रेमानंच बोलले होते. पण मामांनी मान खाली घातली आणि शाईचे डबे फडक्याने पुसत राहिले. ते डबे आधीच स्वच्छ होते.

त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं. मिरजेचं स्थळ. मुलगा शाळेत विज्ञान शिकवायचा आणि फोनवर अगदीच कमी बोलायचा, ते मला आवडलं होतं. माझी पत्रिका मी तीन दिवस जुळवत होते. दुसऱ्यांच्या चारशे पत्रिका केल्या, पण स्वतःच्या पत्रिकेतला गणपती मला काही केल्या मनासारखा सरळ बसवता येईना. रंग मात्र पहिल्यापासून ठरलेला होता. मी पडद्यावर डाळिंबी घातला, दाणा फोडल्यावर दिसतो तसा, आणि मामांना हाक मारली.

मामा आले. चौकटीला कोपर टेकलं. डोळे बारीक केले, मग मोठे केले.

“कसा आहे?” मी विचारलं.

“पोरी, ही पत्रिका तू दुसरीकडं छापून घे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अण्णा हातातला कागद ठेवून जवळ आले.

“मला हितनं डाळिंबी न्हाई दिसत,” मामा म्हणाले. “कायतरी फिका, मातकट दिसतोय. मी घोटला आणि चुकला, तर? शिरगुप्प्यांचं परत छापलं. पोरीच्या लग्नाचं परत छापायचं न्हाई, अपशकून हाय. अण्णा, मी ह्या शनवारपासनं यायचा न्हाई. डबं कुणाच्या ताब्यात द्यायचं ते सांगा.”

“मामा, येड्यासारखं काय बोलताय?” अण्णा म्हणाले.

“बावीस वरसं झाली की. बास आता.” त्यांनी हसून दाखवायचा प्रयत्न केला. “डाळिंबी तेवढा ऱ्हायला बग पोरी. तेवढं वाईट वाटतंय.”

ते वळले आणि आपल्या काचेच्या तुकड्याशी जाऊन बसले. मला रडू आलं. अण्णांसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी उठले, पर्स घेतली आणि घरी जाते म्हणून बाहेर पडले. उंबऱ्याबाहेर येऊन चप्पल घातली. कॉम्प्युटर तसाच चालू राहिला होता. पत्रिका तरी सेव्ह केली का, हे आठवेना म्हणून मागे वळून आत बघितलं.

पडद्यावर माझी पत्रिका होती आणि ती फिक्कट, मातकट गुलाबी दिसत होती.

कळ दाबली गेली वाटतं चुकून! मी चप्पल काढून आत धावले. खुर्चीत बसले. पत्रिका डाळिंबी होती. दाणा फोडल्यासारखी, अगदी हवी तशी.

मी उठून पुन्हा दाराशी गेले. मातकट.

परत खुर्चीत. डाळिंबी.

परत दाराशी. मातकट. ह्या खेपेला मी डोकं खाली नेत नेत पार उंबऱ्यावर उकिडवी बसले. खाली बसल्यावर रंग आणखीनच भलता झाला, गणपती काळपट दिसायला लागला. मी उभी राहिले, डावीकडे झाले, उजवीकडे झाले, पुन्हा बसले.

“वैजू, लग्न ठरलंय म्हणून नाचायलीस काय?” अण्णांनी काळजीने विचारलं.

“अण्णा, इकडे या! इथे उभे राहा. रंग कुठला दिसतो?”

“कसला की. धुतल्यावाणी गुलाबी.”

“आता खुर्चीत बसा.”

अण्णा गेले, बसले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग उठून उंबऱ्याशी आले. मग पुन्हा खुर्चीत. अण्णांचं पोट सुटलेलं होतं आणि दार अरुंद. तरी त्यांनी सहा फेऱ्या मारल्या. सातव्या वेळी दम खात ते म्हणाले, “च्यायला. ह्या सपाटाला समोरनंच बघावं लागतंय!”

तेवढंच होतं. हत्ती कुठूनही बघा, एकच रंग दाखवायचा आणि वर त्याचं तोंडही दाराकडेच होतं. हा सपाट पडदा समोरच्यालाच खरं सांगायचा आणि बाजूला उभ्या असलेल्याला भलतंच काहीतरी. आणि टेबल भिंतीला सरळ लावून मामांना अगदीच बाजूला कुणी टाकलं होतं? मीच. वरून आजोबांचा दाखलाही मीच दिला होता. गाजरं त्यांनी खाल्ली आणि फिकं दिसत होतं माझ्यामुळे.

“मामा!” मी ओरडले. “तुमचे डोळे ठीक आहेत! मामा, इकडे या आधी!”

मामा उंबऱ्याशी आले. आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो. त्यांना काही समजेना. शेवटी अण्णांनी मला गप्प केलं आणि नीट सांगितलं. मामा ऐकत होते, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही. आपली समजूत घालायला दोघं काहीतरी बोलतायत, असंच त्यांना वाटलं असावं.

“मग सोपं हाय की,” अण्णा आनंदाने म्हणाले. “टेबल परत कोपऱ्यात फिरवू या, तोंड दाराकडं करून. मामांना हितनंच झ्याक दिसंल. धर वैजू तिकडनं.”

अण्णांनी टेबलाचं एक टोक धरलंसुद्धा. मीही दुसरं धरलं. आणि तेव्हा माझी नजर दारावरच्या पाटीवर गेली.

“शाईच्या हातांनी आत येऊ नये.”

ही पाटी मीच जुळवली होती. नोकरीच्या पहिल्या आठवड्यातलं माझं पहिलं काम. नक्षीदार अक्षरं निवडली होती, भोवती वेलबुट्टी घातली होती आणि आपण किती सुबक काम केलं म्हणून घरी आईला एक प्रत दाखवली होती. जाड पुठ्ठ्यावर छापली होती मामांनी. पाटीचा लाल रंगही त्यांनीच घोटला होता. ती वाचायला जणू दहा माणसं येणार होती. प्रेसमध्ये शाईचे हात एकाच माणसाचे होते.

मी टेबल सोडून दिलं.

“टेबल नाही हलवायचं, अण्णा,” मी म्हणाले. “मामा आत येतील.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे. त्यांचे कान लाल झाले. अण्णा मनाने वाईट नव्हते. चार कळा चिकटल्या तेव्हा घाबरून नियम केला आणि मग तो नियम आहे हेच विसरून गेले.

“मामा, या की आत,” ते म्हणाले.

“नगं नगं. हात बघा माझं.” मामांनी दोन्ही तळवे पुढे केले. निळे, काळे, नखांच्या कडांत पिवळे. “खुर्ची खराब हुईल पोरीची.”

“होऊ दे खराब,” मी म्हणाले आणि त्यांचं मनगट धरलं. त्यांनी चपला काढल्या, माझ्या चपलांशेजारी नीट जुळवून ठेवल्या आणि उंबरा ओलांडताना, देवळात शिरताना वाकतात तसे ते वाकले. मला ते बघवलं नाही. मी त्यांना ओढतच खुर्चीपर्यंत नेलं आणि खांदे दाबून बसवलं.

मामा बसले. हात मांडीवर उताणे धरून ठेवले, कशाला लागू नयेत म्हणून. मग हळूच मान वर केली.

पंखा फिरत होता.

“डाळिंबी हाय,” मामा म्हणाले.

“आहे ना?”

“डाळिंबी हाय गं! आत थोडा जांभळा घातलायस. कडंला आणि जरा ज्यादा घातलायस, व्हय का न्हाई?”

घातला होता. मीसुद्धा विसरले होते, इतका थोडा. मामांनी तो खुर्चीत बसल्या बसल्या ओळखला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ह्या वेळी गुलाबपाणी घातलेलं नव्हतं. ते हसतही होते. अण्णांनी उगाचच बाहुबलींच्या फोटोवरची धूळ पुसली.

“शिरगुप्प्यांचा लाल दाव,” मामा म्हणाले. मी तो उघडला. “असा हुता व्हय! आणि दुधाचा?” मी तोही दाखवला. “अरारारा. बिचाऱ्याला पोपटी केला की मी.” मग त्यांनी अख्ख्या महिन्याची कामं एकेक करून बघितली. प्रत्येक रंगाला ते मान डोलावत होते, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला डोलावतात तशी. मध्येच त्यांनी इकडेतिकडे खोलीभर नजर फिरवली. फळी, पडदा, दोन खुर्च्या.

“पंखा चांगला लागतोय की हितं,” ते म्हणाले. “चार वरसं एकटीच खातीयास.”

मी उठून पंखा आणखी एक आकडा वाढवला.

“अण्णा,” मामा उठत म्हणाले, “शनवारचं काय ते राहू द्या. आधी पोरीचा रंग घोटतो.”

ते बाहेर गेले आणि काचेवर शाई काढायला लागले. लाल, मग किंचित काळा, मग थेंबभर जांभळा. मी त्यांच्याशेजारी उभी राहिले. चार वर्षांत मी कधी तिथे उभी राहिले नव्हते. शाई हाताला लागेल म्हणून.

“फराटा वडून बघाय एक जाड पुठ्ठा दे,” ते म्हणाले. “कागदावर कळायचं न्हाई.”

मी आजूबाजूला बघितलं. अण्णांनीही बघितलं. मग अण्णाच चवड्यांवर उभे राहिले, दारावरची पाटी खिळ्यासकट उपटली, उलटी केली आणि मामांच्या पुढ्यात धरली. मागची बाजू कोरी पांढरी होती.

मामांनी माझं बोट धरलं, शाईत बुडवलं आणि पाटीच्या पाठीवर एक लांब फराटा ओढला. डाळिंबी, दाणा फोडल्यासारखा.

“जमला?” त्यांनी विचारलं.

“जमला,” मी म्हणाले. माझ्या बोटाची शाई पंधरा दिवस गेली नाही.